पाच वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आणि त्याला साजेसा स्पीकर

कोल्हापुरात आवाज मोजायचा तो डॉल्बीच्या मापाने. गणपतीच्या मिरवणुकीत महाद्वार रोडवरून पापाच्या तिकटीकडे सरकणाऱ्या स्पीकरच्या भिंती हजारो वॅटच्या असतात. त्यामुळे इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्या मुलाला कुणी पाच वॅटचा अ‍ॅम्प सुचवला, की तो आणि त्याचे वडील दोघेही हिरमुसतात. एवढ्याशा अ‍ॅम्पमध्ये काय होणार, असं त्यांना वाटतं. खरं तर राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये किंवा शिवाजी पेठेत भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात पाच वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प पूर्ण उघडताच येत नाही. घरच्या रियाजासाठी तो जास्तच पडतो. तेव्हा वॅट कमी घ्या, आणि वाचलेले पैसे व विचार दोन्ही स्पीकरवर खर्च करा, असं माझं ठाम मत आहे. असं का, ते सविस्तर सांगतो.

वॅट आणि कानाला जाणवणारा आवाज एका प्रमाणात वाढत नाहीत. वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि हा फरक कानाला थोडासाच जाणवतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. याचा अर्थ ५० वॅटचा अ‍ॅम्प ५ वॅटच्या अ‍ॅम्पपेक्षा कानाला साधारण दुप्पटच मोठा वाटतो. गिटारचा चांगला १२ इंची स्पीकर १ वॅटवर एक मीटर अंतरावर १०० डेसिबल आवाज देतो. त्याच्यावर ५ वॅट सोडले की १०७ डेसिबल होतात. दहा बाय बाराच्या खोलीत हा आवाज कानांना इजा करणारा आहे. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी जो सावधगिरीचा हिशेब करतात, त्यात ८५ डेसिबलला आठ तास आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटं धरलेली आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. शेजारच्या काकू दार वाजवतात ते उगाच नाही.

मग मोठा अ‍ॅम्प घेऊन आवाज कमी ठेवला तर काय बिघडतं? व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची गोडी तो थोडा ताणला गेल्यावर येते. हळू छेडलं की स्वच्छ स्वर, जोरात छेडलं की स्वराला कड आणि दाणा, आणि गिटारचा व्हॉल्यूम मागे घेतला की पुन्हा स्वच्छ. बोटांना मिळणारं हे उत्तर ५० वॅटच्या अ‍ॅम्पमध्ये ज्या आवाजाला सुरू होतं, त्या आवाजाला अख्खी गल्ली जागी झालेली असते. छोट्या अ‍ॅम्पमध्ये ते लवकर मिळतं. एरिक क्लॅप्टनने १९७० साली मायामीत ‘लैला’चं ध्वनिमुद्रण करताना वापरलेला फेंडर चॅम्प जेमतेम पाच वॅटचा होता. एक ईसीसी८३ जातीचा व्हॉल्व्ह, एक ६व्ही६, एक रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि आठ इंची स्पीकर, एवढाच त्याचा संसार.

आधी ठरवा: व्हॉल्व्ह हवाच का

तुमचा रियाज रात्री अकरानंतर आणि फक्त हेडफोनवर होणार असेल, तर व्हॉल्व्ह अ‍ॅम्प घेऊ नका. यामाहाचा टीएचआर किंवा बॉसचा कटाना असे डिजिटल अ‍ॅम्प त्या कामाला अधिक सोयीचे आहेत आणि त्यांना देखभालही लागत नाही. कॉलेजच्या बँडसाठी आज एका तऱ्हेचा आणि उद्या दुसऱ्या तऱ्हेचा आवाज हवा असेल, तरी तेच बरे. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प एकच आवाज देतो, पण तो मनापासून देतो. ज्याला आपल्या बोटांचा दाब, पिकचा कोन आणि गिटारचा व्हॉल्यूम यांतून स्वर घडवायचा आहे, त्याच्यासाठी हे यंत्र आहे. शिकणाऱ्याला तर याचा फार उपयोग होतो. हात कच्चा असला की व्हॉल्व्ह अ‍ॅम्प ते लपवत नाही.

नावांनी फसू नका. काही छोट्या अ‍ॅम्पवर ‘ट्यूब’ (म्हणजे व्हॉल्व्ह) असं ठळक लिहिलेलं असतं, पण आत पहिल्या टप्प्यात एकच व्हॉल्व्ह असतो आणि स्पीकरला ढकलणारा शेवटचा टप्पा ट्रान्झिस्टरचा असतो. ऑरेंजचा मायक्रो टेरर असा आहे. तो वाईट नाही, त्याची जागा वेगळी आहे. पण या लेखात ज्याला मी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प म्हणतो, त्यात शेवटचा टप्पाही व्हॉल्व्हचा असतो आणि त्यामागे आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे मागून पाहिल्यावर दोन ट्रान्सफॉर्मर दिसले पाहिजेत, एक वीजपुरवठ्याचा आणि दुसरा, बहुधा आकाराने लहान, स्पीकरचा.

छोट्या अ‍ॅम्पमध्ये शेवटच्या टप्प्यावर बहुतेक वेळा दोनपैकी एक व्हॉल्व्ह भेटतो. ईएल८४ हा ब्रिटिश वळणाचा. वरच्या-मधल्या पट्टीत चमक, तारांचा खणखणीतपणा, आणि ताणल्यावर लवकर फुटणारा स्वर. व्हॉक्सचे जुने नामांकित अ‍ॅम्प याच्यावर उभे आहेत. ६व्ही६ हा अमेरिकन वळणाचा, थोडा गोलसर, मवाळ, उशिरा फुटणारा. ऑर्केस्ट्रात राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतली रिदम गिटार वाजवणाऱ्याला ६व्ही६ जवळचा वाटेल. ब्लूज आणि रॉक वाजवणाऱ्याने ईएल८४ ऐकून पाहावा. धातूसारखा जाड, सलग फाटलेला आवाज हवा असेल तर शेवटच्या टप्प्यात एकच व्हॉल्व्ह असलेला साधा अ‍ॅम्प तो देणार नाही. त्यासाठी आधीच्या टप्प्यांत जास्त गेन असलेला, मास्टर व्हॉल्यूमवाला अ‍ॅम्प पाहावा, जसे मार्शलच्या डीएसएल मालिकेतले किंवा ब्लॅकस्टारच्या एचटी मालिकेतले छोटे.

मार्शलचा डीएसएल१ एक वॅटचा आहे आणि एक दशांश वॅटवर उतरतो. डीएसएल५ पाच वॅटवरून अर्ध्या वॅटवर येतो, आणि त्यात दहा इंची स्पीकर असल्याने मला तो अधिक पटतो. बुगेराचा व्ही५ पाच, एक आणि एक दशांश वॅट अशा तीन पायऱ्यांचा. व्हॉक्सचा एसी४टीव्ही चार, एक आणि पाव वॅटचा, दहा इंची. एपिफोनचा व्हॉल्व्ह ज्युनियर साधासुधा, एकच व्हॉल्यूम असलेला, आता जुन्या बाजारात मिळतो. कार्यक्रमांत ड्रम वाजवणाऱ्याबरोबर उभं राहायचं असेल तर फेंडरचा ब्लूज ज्युनियर, दोन ईएल८४वर चालणारा १५ वॅटचा, १२ इंची स्पीकरवाला. यापेक्षा मोठ्या अ‍ॅम्पची गरज कोल्हापुरात मला सहसा दिसत नाही. सभागृह मोठं असेल तर अ‍ॅम्पसमोर माइक ठेवून आवाज मुख्य स्पीकरमध्ये जातोच.

विकत घेताना एका गोष्टीवर अडून राहा. अ‍ॅम्पच्या मागे बाहेरचा स्पीकर जोडायचा जॅक हवा. तो असेल तर आज आतल्या छोट्या स्पीकरवर भागवता येतं आणि उद्या मोठा स्पीकर लावता येतो.

स्पीकर: अर्धं वाद्य

छोट्या कॉम्बो अ‍ॅम्पमधले सहा किंवा आठ इंची स्पीकर ही त्यांची सर्वांत कमकुवत बाजू असते. त्या खोक्यात खर्ज मावत नाही, आणि स्पीकरची संवेदनशीलताही कमी असते. संवेदनशीलता म्हणजे १ वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो तो आकडा. हा आकडा स्पीकरच्या माहितीपत्रकात छापलेला असतो आणि खरेदी करणारे बहुतेक लोक तो वाचत नाहीत. ९४ डेसिबलचा स्पीकर काढून १००चा लावला, तर ६ डेसिबल वाढले, म्हणजे अ‍ॅम्प चौपट वॅटचा केल्यासारखं झालं. पाच वॅटचा अ‍ॅम्प चांगल्या १२ इंची खोक्याला जोडून पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा तोच अ‍ॅम्प आहे यावर विश्वास बसत नाही. खर्ज येतो, स्वर छातीला लागतो, आणि आवाज न वाढवताही भरलेला वाटतो.

सेलेशनचे आकडे उदाहरणादाखल घेऊ. ग्रीनबॅक नावाचा जी१२एम २५ वॅटचा, ९८ डेसिबल. व्हिंटेज ३० हा ६० वॅटचा, १०० डेसिबल. अल्निको ब्लू १५ वॅटचा, तोही १०० डेसिबल, पण किमतीला फार चढा. ५ वॅटच्या अ‍ॅम्पला यांतला कोणताही चालतो. व्हिंटेज ३०मध्ये वरच्या-मधल्या पट्टीत ठळक उठाव आहे, त्यामुळे ईएल८४च्या चमकदार अ‍ॅम्पबरोबर तो काही कानांना टोचतो. तिथे ग्रीनबॅक जास्त शोभतो. ६व्ही६च्या मवाळ अ‍ॅम्पला मात्र व्हिंटेज ३० जागं करतो. घरी अगदी हळूच वाजवणार असाल तर हिशेब उलटा करा आणि कमी संवेदनशीलतेचा स्पीकर घ्या. ९४-९५ डेसिबलचा दहा इंची स्पीकर असेल तर अ‍ॅम्प थोडा अधिक उघडता येतो आणि दाणा लवकर मिळतो. तेव्हा आधी तुमची खोली ठरवा, मग स्पीकर.

स्पीकरची वॅट क्षमता अ‍ॅम्पच्या निदान दुप्पट असावी. पाच वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण ताणला की त्याचा स्वर चौकोनी होतो आणि स्पीकरवर अ‍ॅम्पच्या छापील आकड्यापेक्षा बरीच जास्त शक्ती जाते. १५ वॅटच्या अ‍ॅम्पला १५ वॅटचा एकच स्पीकर लावणं धोक्याचं, तिथे २५ किंवा ३०चा हवा.

आता कोल्हापुरात हमखास होणारी गोष्ट. ओळखीच्या डॉल्बीवाल्याकडे बारा किंवा पंधरा इंची, पाचशे वॅटचे स्पीकर पडलेले असतात आणि तो प्रेमाने म्हणतो, ‘दादा, ह्यो घे की, तुझा टिकंल तरी.’ टिकेल, यात शंका नाही. पण तो स्पीकर खर्ज दूरवर फेकण्यासाठी बनलेला असतो. गिटारच्या स्पीकरचा कोन हलका असतो, दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्टीत तो मुद्दाम उठाव देतो आणि पाच किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने खाली उतरतो. या उतारामुळेच फुटलेला स्वर कानाला गोड लागतो. डॉल्बीच्या स्पीकरवर तोच स्वर मंद आणि चादर पांघरल्यासारखा येतो, आणि घरच्या हाय-फाय स्पीकरवर ट्विटरमुळे माशी गुणगुणल्यासारखा. गाडीतला स्पीकरही नको. स्पीकरवर ‘गिटारसाठी’ असं लिहिलेलं असलंच पाहिजे.

ओहमचा हिशेब

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आणि ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प यांच्यात इथे जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नेमका इथेच ट्रान्झिस्टरवर हात बसलेला मेकॅनिक चुकतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प स्पीकर न जोडता चालू ठेवला तर त्याला काही होत नाही, मात्र दोन टोकं एकमेकांना चिकटली तर तो जळतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प स्पीकरविना चालू करून गिटार छेडली, तर शक्तीला जायला वाट उरत नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि वाइंडिंग किंवा व्हॉल्व्हचा सॉकेट आतून फुटतो. म्हणून पहिला नियम: स्पीकरची वायर नीट बसलेली पाहिल्याशिवाय अ‍ॅम्पला वीज द्यायची नाही.

ट्रान्सफॉर्मर काय करतो तेही समजून घ्या. एका ईएल८४ला समोर सुमारे ५००० ओहमचा भार हवा असतो, आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. ट्रान्सफॉर्मर ही दरी भरतो. ५००० भागिले ८ म्हणजे ६२५, त्याचं वर्गमूळ २५. म्हणजे एका बाजूला वेढे दुसऱ्या बाजूच्या २५ पट. आता याच जॅकला ४ ओहमचा स्पीकर जोडलात तर व्हॉल्व्हला समोर २५०० ओहम दिसतील, १६चा जोडलात तर १०,०००. एका पायरीचा असा फरक बहुतेक अ‍ॅम्प काही काळ सहन करतात, पण स्वर बदलतो आणि व्हॉल्व्हवर किंवा ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो. अ‍ॅम्पच्या मागे ४, ८, १६ असे वेगळे जॅक असतील तर प्रश्नच नाही. एकच असेल तर त्याच्याखाली छापलेला आकडा पाहा, आणि स्पीकर तेवढ्याच ओहमचा मागवा. व्हॉक्सचा एसी४टीव्ही १६ ओहमचा आहे आणि बाजारात सहज मिळणारे स्पीकर बहुतेक ८चे, ही गफलत वारंवार होते.

स्पीकरवरचा शिक्का पुसला गेला असेल तर मल्टिमीटर लावा. मल्टिमीटर तारेचा साधा रोध दाखवतो, तो छापील आकड्यापेक्षा कमी असतो. ६ ते ७ दाखवलं तर स्पीकर ८ ओहमचा, १२-१३ दाखवलं तर १६चा, तीनच्या आसपास असेल तर ४चा. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलेली आहे. दोन स्पीकर जोडायचे असतील तर ८चे दोन समांतर जोडल्यावर ४ होतात, एकापुढे एक जोडल्यावर १६. १६चे दोन समांतर जोडून ८ मिळतात. दोन्ही कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत, नाहीतर खर्ज एकमेकांना खातो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहा. धन टोक लाल खुणेला लावल्यावर कोन पुढे यायला हवा.

अ‍ॅम्पपासून स्पीकरपर्यंत गिटारची केबल वापरू नका. जॅक सारखाच दिसतो, पण आतली तार बारीक आणि जाळीदार आवरणाची असते. त्या जागी साधी, जाड, दोन तारांची स्पीकर वायर हवी.

खोकं इथेच बनवा

स्पीकर बाहेरून मागवावा लागेल, पण त्याचं खोकं मागवायची गरज नाही. कोल्हापूरचा सुतार ते उत्तम करतो. मात्र त्याला नीट सांगावं लागतं. पार्टिकल बोर्ड अजिबात नको. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी ओली असते की तो कडेने फुगतो, स्क्रू सैल होतात आणि खोकं खडखडू लागतं. १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या. एका १२ इंची स्पीकरला बाहेरून २० इंच रुंद, १८ इंच उंच आणि ११ इंच खोल असं खोकं पुरतं. समोरच्या फळीवरचं भोक सुमारे २८३ मिलिमीटर व्यासाचं लागतं, पण कापण्याआधी स्पीकर हातात येऊ द्या आणि त्याच्यावरून मोजा. सांधे नुसत्या खिळ्यांवर नकोत, फेव्हिकॉल लावून स्क्रू मारायचे. आत हात फिरवला तर कुठेही फट लागता कामा नये.

मागची बाजू उघडी ठेवायची की बंद, हा खरा स्वराचा निर्णय आहे. उघडी ठेवली तर आवाज खोलीभर पसरतो, हवेशीर वाटतो, खर्ज थोडा कमी येतो. बंद केली तर खर्ज घट्ट होतो आणि आवाज समोर भाल्यासारखा जातो. छोट्या खोलीत मी उघडी बाजू सुचवतो. मागची फळी दोन तुकड्यांत करून घेतली तर मधला तुकडा काढून किंवा लावून दोन्ही ऐकता येतं. आपल्या शेजारच्या मिरजेत सतार आणि तंबोरे घडवण्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि २०२४ साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. लाकूड, पोकळी आणि स्वर यांचं नातं कानाने ओळखणारी माणसं पन्नास किलोमीटरवर असताना खोक्याच्या बाबतीत आपण हयगय करू नये.

वीज, अर्थिंग आणि परदेशातून आलेले अ‍ॅम्प

घरातल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे आधी वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या पेठांतल्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात आणि त्या तारांवर तुमची बोटं असतात. अर्थिंग नसेल तर अ‍ॅम्पमधला एक दोष थेट तुमच्या हातात येतो. हम, म्हणजे सतत येणारी गुणगुण, घालवण्यासाठी अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

अमेरिकेतल्या भावाने किंवा मुलीने पाठवलेला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असू शकतो. मागच्या पट्टीवर लिहिलेलं वाचल्याशिवाय आपल्या २३० व्होल्टला लावू नका. त्याला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवा, तोही लोखंडी गाभ्याचा आणि वजनदार. प्रवासात इस्त्री चालवण्यासाठी मिळणारे हलके कन्व्हर्टर इथे चालत नाहीत. पाच वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प भिंतीतून तीस-चाळीस वॅट ओढतो, १५ वॅटचा त्याच्या दुपटीहून अधिक. त्यामुळे १०० आणि २०० व्हीएचे ट्रान्सफॉर्मर अनुक्रमे पुरतात. तिकडे वीज ६० हर्ट्झची आणि इकडे ५०ची, म्हणून तिकडचा ट्रान्सफॉर्मर इथे थोडा जास्त तापतो. पट्टीवर ५०/६० असं लिहिलं असेल तर निश्चिंत राहा. वीज गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर वाजवायचं असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प करकरतो आणि ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो.

जुना अ‍ॅम्प आणि जुना रेडिओ

जुना अ‍ॅम्प पाहायला जाताना तो चालू करून अर्धा तास तसाच राहू द्या. बरेच दोष तापल्यावरच बाहेर येतात. अंधार करून मागून पाहा. व्हॉल्व्हच्या आतली बारीक वात नारिंगी दिसणं ठीक, पण भोवतीचा राखाडी पत्रा लाल होऊ लागला तर तत्काळ बंद करा. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने प्रत्येक व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारा. किणकिण आवाज आला तर तो व्हॉल्व्ह बदलावा लागेल, किमतीत तेवढी घासाघीस करा.

हम थोडा असणारच. एकाच व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये तो जास्त असतो, कारण जोडीच्या अ‍ॅम्पप्रमाणे तो एकमेकांत विरत नाही. पण हमचा स्वर ओळखायला शिका, गिटारवाल्याला ते सोपं आहे. खालच्या जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी वाजवा, तो ९८ हर्ट्झचा आहे. हम त्याच्या अगदी जवळ, किंचित वर, म्हणजे १०० हर्ट्झला असेल तर पुरवठ्याचे कपॅसिटर थकले आहेत. जुन्या अ‍ॅम्पमध्ये ते बदलणं हा नेहमीचा खर्च समजा. हम त्याच्या एक सप्तक खाली, ५० हर्ट्झला असेल तर अर्थिंग, केबल किंवा व्हॉल्व्हच्या वातीच्या वायरिंगकडे पाहायला हवं.

जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा अ‍ॅम्प करण्याची कल्पना अनेकांना सुचते, आणि तिच्यात तथ्य आहे. ईएल८४ हा रेडिओमध्येही वापरला जायचा, आणि बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने साठच्या दशकात असे व्हॉल्व्ह देशात बनवले. जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या खणात ते अजून सापडतात आणि चांगले चालतात. पण रेडिओ उघडण्याआधी व्हॉल्व्हची नावं वाचा. ती ‘यू’ने सुरू होत असतील, म्हणजे यूएल८४, यूसीएच८१ अशी, तर त्या सेटमध्ये वीजपुरवठ्याला वेगळा करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो आणि सांगाडा थेट भिंतीतल्या विजेला जोडलेला असतो. अशा सेटला गिटार लावणं म्हणजे जिवाशी खेळ. त्याचा स्पीकर हवा तर काढून घ्या, सेट तसाच ठेवा.

कोणताही व्हॉल्व्ह अ‍ॅम्प बंद करून प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये २५०-३०० व्होल्ट बराच वेळ राहू शकतात. त्यामुळे मागची जाळी काढून व्हॉल्व्ह बदलण्यापलीकडचं काम जाणकाराकडे द्या. व्हॉल्व्ह स्वतः बदलायला हरकत नाही, फक्त तो थंड होऊ द्या. ईसीसी८३ आणि १२एएक्स७ ही एकाच व्हॉल्व्हची दोन नावं, ईएल८४ आणि ६बीक्यू५ हीही तशीच. आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. सुटे भाग पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर शोधावेत.

जळालेला ट्रान्सफॉर्मर आणि उद्यमनगर

बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमारास स्वतःचा सिनेमा कॅमेरा याच गावात घडवला. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट १९३२ साली इथेच झाला, आणि त्या काळी ध्वनिमुद्रणाचं प्रत्येक यंत्र व्हॉल्व्हवरच चालत होतं. यंत्र परकं म्हणून कोल्हापूर कधी बिचकलं नाही. शिवाजी उद्यमनगरात मोटर आणि ट्रान्सफॉर्मर भरून देणारे कारागीर आहेत, आणि वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर ते डोळे झाकून भरतील. आउटपुट ट्रान्सफॉर्मरसाठी मात्र त्यांच्याशी बसून बोलावं लागतं. त्यात प्रायमरी आणि सेकंडरी थरांथरांनी एकमेकांत गुंफलेल्या असतात. नुसती एकावर दुसरी भरली तर वरचे सूर मरतात. जुनं वाइंडिंग उलगडताना थरांचा क्रम, वेढे आणि तारेची जाडी लिहून ठेवायला सांगा. दुसरं, एका व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये प्रायमरीतून सतत एकदिशा प्रवाह वाहतो, त्यामुळे गाभ्यात कागदाची बारीक फट मुद्दाम ठेवलेली असते आणि पत्र्याच्या पट्ट्या सगळ्या एकाच बाजूने घातलेल्या असतात. सवयीने कारागीर पट्ट्या आलटून पालटून घालतो आणि कागद कचऱ्यात टाकतो. तसं झालं की गाभा भरून जातो, खर्ज नाहीसा होतो, अ‍ॅम्प मुका झाल्यासारखा वाटतो. तो कागद जपून ठेवा, तेवढ्याच जाडीचा परत घाला.

पावसाळ्यात स्पीकरचा कागदी कोन ओल धरतो आणि त्यावर बुरशी येते. खोकं भिंतीला चिकटवून किंवा थेट फरशीवर ठेवू नका, आणि आठवड्यातून एकदा अ‍ॅम्प अर्धा तास चालू ठेवा. त्याची स्वतःची उष्णता त्याला सुकवते. २०१९ आणि २०२१च्या महापुरांनंतर पंचगंगेच्या बाजूच्या वस्तीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, जून लागताच अ‍ॅम्प वरच्या मजल्यावर न्या. पाणी लागलेला अ‍ॅम्प वरून कोरडा दिसला तरी ट्रान्सफॉर्मर तपासल्याशिवाय चालू करू नका.

पहिल्यांदाच घेणाऱ्याला एका वाक्यात सल्ला द्यायचा तर असा: बाहेरच्या स्पीकरचा जॅक असलेला, पॉवर कमी करायची सोय असलेला पाच वॅटचा अ‍ॅम्प, आणि त्याला जोडीला सुताराने बनवलेल्या उघड्या खोक्यातला ९८ डेसिबलच्या आसपासचा, अ‍ॅम्पच्या ओहमशी जुळणारा १२ इंची स्पीकर. असे अ‍ॅम्प ऐकून घ्यायचे तर पुणे-मुंबईला जावं लागेल, पण फोटो पाहून मागवण्यापेक्षा तो प्रवास करा. जाताना दुकानातली गिटार मिळेल या भरवशावर न राहता स्वतःची गिटार, स्वतःची केबल आणि एक मल्टिमीटर सोबत न्या.